मधल्या खोलीतलं विमान

भीमाप्पा : पट्टा सोड आक्का, आधी पट्टा सोड! खुर्चीसकट उठलीस तर तोंडावर पडशील.

कोंडाबाई : दार उघड. मालू, दार उघड म्हन्ते न्हवं!

मालू : मामा, बाहेरनं दार सोड. उघडलं, आई. हे बघ, सताड उघडलं. बस उंबऱ्यावर. पाणी घे.

भीमाप्पा : तिसरी खेप ही. टेपमधी विमान अजून जमिनीवरच हाय.

कोंडाबाई : बंद कर ती घरघर.

भीमाप्पा : केली. पर हौसेनं न्हाय आणली मी टेप. सांबऱ्याच्या विमानतळावर विमानं झाडण्यात माझी धा वर्सं गेली, पर उडत्या विमानात मी कवा बसलो न्हाय. मुंबैहून येताना आत कसा आवाज असतोय, ते विमानातल्या बाईनं माझ्यासाठनं भरून दिलं. तुझ्या कानाला सवय व्हावी म्हणून.

मालू : खुर्च्यासुद्धा मामानं वीत धरून मांडल्यात. विमानात गुडघा पुढच्या खुर्चीला लागतो, तेवढंच अंतर ठेवलंय.

कोंडाबाई : खुर्चीचं काय न्हाय गं. नवारीचा पट्टा बांधून घेतला, कानात कापूस घातला, पेपरमिट चघळलं. समदं केलं. पर दार लागलं की छाती आवळती. मी न्हाय जात. तू जा मस्कतला.

मालू : माझा पासपोर्ट कुठाय? जोतिबादादानं गेल्या वर्षी हौसेनं तुझा काढला. कंपनीचं तिकीट तुझ्या नावावर आलंय. घरचं माणूस सोबत असल्याशिवाय त्याला विमानात घेत नाहीत, असं पत्रात स्पष्ट लिहिलंय. इमारतीवरनं पडून दोन महिने झाले, आई. तिथं एकटा पाठीवर पडून आहे तो.

कोंडाबाई : मला ठावं न्हाय व्हय? माझ्या पोटचा हाय त्यो.

भीमाप्पा : मालू, जरा दम खा. आक्का, तुला ती वखार आठवती न्हवं?

मालू : तंबाखूची? आग लागली ती? पण आई वाचली ना त्यातनं.

कोंडाबाई : वाचली. निपाणीत समद्यांस्नी एवढंच ठावं हाय. कशी वाचली, ते कुणाला सांगितलं न्हाय मी.

भीमाप्पा : मलाबी न्हाय.

कोंडाबाई : मी आन यल्लव्वा, दोघीच मागल्या खोलीत तंबाखू चाळत हुतो. बाया माल चोरत्यात म्हणून मुकादम भाईरनं कडी घालून जेवायला जायाचा. धूर आला तवा दार बडवून बडवून हात फुटलं. वर एक झरोका हुता. यल्लव्वा म्हणाली, तुझी पोरं ल्हान हाईत, तू चढ. तिच्या खांद्यावर पाय दिऊन मी भाईर पडले. तिला खांदा द्यायला कोण हुतं?

मालू : आई…

कोंडाबाई : पळत जाऊन कडी काढली गं मी. काढली. तवर उशीर झालता.

भीमाप्पा : आक्का, ऐक. विमानाला भाईरनं कडी घालून कुणी निघून जात न्हाय.

कोंडाबाई : मग?

भीमाप्पा : रोज बघतोय की मी. आतली बाई आपल्या हातानं दार लावती, आतनं. आन तिथंच दाराशी बसती, विमान उतरंपतोर. उघडायचं बी तिलाच ठावं असतंय.

कोंडाबाई : ती बी आतच?

भीमाप्पा : आतच. चालवणारा बी आतच.

कोंडाबाई : मग तू भाईर उभा ऱ्हाऊन का वढत हुतास रं दार?

भीमाप्पा : चुकलं माझं. माझ्या ध्यानातच आलं न्हाय.

कोंडाबाई : आत ये. आतनं लाव. आन मला दिसशील असा बस.

मालू : टेप लावू?

कोंडाबाई : लाव. पयल्यापासनं लाव.

(वीस दिवसांनी, त्याच घराच्या सोप्यात. सकाळ.)

मालू : दादाला डोळा लागलाय. आई, आता तरी सांग. जाताना भीती वाटली?

कोंडाबाई : वाटली की. त्या बाईवरची नजर काढली न्हाय मी. तिनं दार लावलं आन बसली. भीमाप्पा म्हणाला तसंच. घरघर तशीच, गुडघं बी तसंच लागलं.

भीमाप्पा : म्हंजे जमलंतं म्हण की आपल्याला.

कोंडाबाई : लई जमलंतं. फकस्त तुझ्या विमानात माणसं न्हवती.

भीमाप्पा : माणसं?

कोंडाबाई : समदी गडीमाणसं, कामाला चाललेली. चढताना काय गलका! आन विमानानं जमीन सोडली तशी एकदम गप. माझ्या शेजारचा चाळिशीतला गडी, केरळकडचा म्हणं, खिडकीकडं तोंड करून रडत हुता. पुढचा बी डोळं पुसत हुता. टेपमधी ते कसं यील?

मालू : मग तू काय केलंस?

कोंडाबाई : त्याची भाषा मला यीना. पाठीवरनं हात फिरवला. त्यानं माझं मनगट धरलं ते मस्कत येईपतोर सोडलं न्हाय. माझा जोतिबा बी असाच गेला असंल. त्याच्या शेजारी कोण हुतं, काय म्हाईत.

भीमाप्पा : आन येताना?

कोंडाबाई : येताना त्यो आडवा, मी उशाला. वर बघत पडलाता. एकदाच बोलला. एवढ्या लांब कशी आलीस गं, म्हणाला. बसून आले, म्हटलं.

भीमाप्पा : आक्का, परत चालंल का त्यो?

कोंडाबाई : तिथला डाक्टर न्हाय म्हणाला.

मालू : दादाला माहीत आहे?

कोंडाबाई : न्हाय. कुणीच सांगितलं न्हाय त्याला. इचारतोय, पाय कवा हलतील म्हणून.

मालू : मग कोण सांगणार?

कोंडाबाई : मीच. उठला, च्या झाला की सांगती. तुमी दोघं बी तवा जवळ बसा. काय बोललं न्हाय तरी चालतंय.