ट्रेसाच्या घरी मोठं माणूस कोण

...आणि वर मलाच म्हणतात, व्हर्ना, तू बोललीसच कशाला. अहो, विचारलं म्हणून बोलले. मला काय करायचंय म्हणा दुसऱ्याच्या घरात. पण तुम्हाला सांगते, त्या मंगळवारी मी पायरीवर पायपुसणं झटकत उभी, एक बाई गाडीतून उतरते, कागद छातीशी धरून शेजारच्या ट्रेलरचं, म्हणजे चाकांवरच्या घराचं, दार वाजवते, एकदा, दोनदा, तीनदा, आणि आत कोणी नाही हे मला ठाऊक... तर माणसानं काय पायपुसण्याकडे बघत राहायचं?

शेजारचा ट्रेलर आर्लीनचा. आर्लीन अठरा चाकांचा ट्रक चालवते, रविवारी पहाटे इथून ओहायोतून निघते ती नेब्रास्काला जाऊन शुक्रवारी उगवते. मागे राहते तिची लेक ट्रेसा, वय सतरा, शाळेचं शेवटचं वर्ष, आणि ट्रेसाचा ओटिस, वय सात महिने, दात यायला लागलेत, डावीकडचा आधी. बाप कोण ते मला ठाऊक आहे, पण मला काय करायचंय म्हणा. तर ही पोरगी पाचला उठते, ओटिसला न्हाऊ-माखू घालते, पाळणाघरात ठेवते आणि शाळा गाठते. पाळणाघर सरकारी मदतीतून. मदत कशावर, तर शाळा बुडवायची नाही यावर. आणि पोरीनं एक दिवस बुडवलेली नाही, ओटिसला गोवर-बिवर काही झालं असतं तरी बुडवली नसती.

तर ती बाई मदत देणाऱ्या सरकारी कचेरीची. म्हणाली, "ट्रेसाची आई असते ना घरी?" मी म्हटलं, "कसली असतेय, बाई. ती नेब्रास्कात. पाच-पाच दिवस ही पोरगी एकटीच सगळं ओढते, आणि कशी ओढते म्हणता..." आता हे मी कौतुकानं सांगतेय. म्हटलं, दोन चांगले शब्द पडतील पोरीच्या पदरात. मी बोलतेय, ती लिहितेय, मी बोलतेय, ती लिहितेय. माझं बोलणं इतकं मन लावून आजवर कोणी ऐकलं नव्हतं, मग मीही हात आखडता घेतला नाही.

आठव्या दिवशी पत्र. अठरा पुरी नसलेल्या, लग्न न झालेल्या आईनं आपल्या आईबापांजवळ नाहीतर जबाबदार मोठ्या माणसाबरोबर राहिलं पाहिजे. इथे मोठं माणूस राहत नसल्याचं शेजाऱ्यांकडून समजलं, सबब मदत बंद. मदत बंद म्हणजे पाळणाघर बंद. पाळणाघर बंद म्हणजे शाळा बंद. आणि शाळा बंद असेल तर मदत मागायचीच नाही, हाही नियमच. म्हणजे आधी शिडी काढून घ्यायची आणि मग विचारायचं, वर का चढत नाहीस? पोरीला अठरा पुरी व्हायची ऑगस्टमध्ये, आणि शाळेचा दाखला जूनमध्ये, म्हणजे आणखी दोनच महिन्यांनी. दोन महिन्यांसाठी, तुम्हाला सांगते, दोन महिन्यांसाठी.

आर्लीनचा फोन आला, मागे ट्रकची घरघर. "व्हर्ना, चौदा वर्षं तुला ओळखते. चौदा वर्षांत एकदा गप्प बसायचं होतं, त्या मंगळवारी." ट्रेसाकडे माझं मक्याच्या पावाचं भांडं होतं, ते घासूनपुसून पायरीवर ठेवून गेली. रिकामं. आमच्या गल्लीत कोणी कोणाचं भांडं रिकामं परत करत नाही हो, दोन टोमॅटो तरी टाकतात. त्यापेक्षा तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं.

मला काय करायचंय म्हणा, पण मी स्वतः अकरावीतून सुटलेली. माझा रॉय पोटात होता म्हणून. शाळेनं निरोपही पाठवला नाही. पुढच्या वर्षी जाईन, म्हटलं होतं... चाळीस वर्षं झाली त्या पुढच्या वर्षाला.

तर गेले कचेरीत. सव्वा दोन तास बाकावर. समोर तिथली अधिकारी, मिस पेटिग्रू, आवाज असा की फ्रीज बोलतोय. "त्या घरात जबाबदार प्रौढ व्यक्ती लागेल." मी म्हटलं, "मी आहे की शेजारी. पोरगी कधी आली, कधी गेली, काय शिजलं, बाळ किती वेळा रडलं, विचारा."

"बाळ काल किती वेळा रडलं?"

"चारदा. चौथ्यांदा पोटातल्या वातानं."

तिनं चष्म्यावरून बघितलं. "तुमच्याइतकी देखरेख आमचं खातंसुद्धा करत नाही. पण शेजारी चालत नाही. त्याच छपराखाली राहावं लागेल."

"मधे फक्त अकरा फूट आहेत, बाई."

"नियमात फूट नाहीत."

घरी येऊन हर्बला सांगितलं, म्हटलं, ऐकलंस का, मला जूनपर्यंत शेजारी राहायला जावं लागेल. सदतीस वर्षांचा संसार, म्हटलं थोडा घोळ घालेल, जेवणाचं काय विचारेल. त्यानं टीव्हीचा आवाजसुद्धा कमी केला नाही. "बॅग कपाटावर आहे," म्हणाला.

ट्रेसाच्या दारात बॅग घेऊन उभी राहिले. ती ओटिसला खांद्यावर टाकून माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "मिस व्हर्ना, सोफ्यावर झोपावं लागेल. आणि मी अभ्यास करत असताना बोलायचं नाही."

"मी कुठे बोलते," म्हटलं.

"आणि माझ्या मैत्रिणींचे फोन ऐकायचे नाहीत."

तर मदत सुरू झाली, पाळणाघर सुरू झालं, काल तिचा गणिताचा पेपर झाला, बरा गेला म्हणते. मी रोज कागदावर सही करते, जबाबदार प्रौढ व्यक्ती. पण तुम्हाला सांगते, सोफ्याला एकच खिडकी, आणि तिच्यातून दिसतं एकच घर, आमचं. बारा दिवस बघतेय. हर्ब खुर्चीत. हर्ब खुर्चीत. परवा संध्याकाळी एकदाचा उठला, खिडकीशी आला, थेट माझ्याकडे बघितलं, मला वाटलं, आता हात करील, शेवटी नवरा आहे...

त्यानं पडदा ओढून घेतला.