मुशीचं तेल आणि सोमवार

(बुधवार. हसनचं गॅरेज. हसन आणि दीपिका एका जुन्या मोटारसायकलीजवळ.)

हसन : ‘गाडयेक पाणी दाखवू नको, तेल दाखव.’ हिचो मालक अरशद माका नेहमी असां सांगी. मी म्हणालंय, मेल्या, ही मोटारसायकल आसा, होडी न्हय. तर म्हणता, दर्याच्या काठार जां ऱ्हवता तां सगळां होडीच.

दीपिका : म्हणून हा वास?

हसन : म्हणानच. पावसाआधी होडी वर ओढली काय पयलां तिका मुशी माशाचां तेल चोपडी आणि उरलेलां हिका. पंचवीस वर्षां. आता नाक धर आणि मडगार्ड बघ. दर्यापासून पन्नास पावलांर घर, तो गेल्यापासून तीन वर्षां जाळ्यांखाली पडलेली गाडी, पण पत्र्याक एक भोक नाय.

दीपिका : भोक नाही, पण मांजरं आहेत, हसनचाचा. मला सात दिसतायत.

हसन : आठ. एक टाकयेखाली निजलां. आणि नववी ती रस्त्यावरसून येता, तुझी सासू.

काशीबाई : ऐकलंय मी, हसना. आख्खो जलम पेट्रोलात बुडान गेलो तुझो, पण जीभ काय धुवन निघाक नाय. हीच ती गाडी? अगो दीपिका, हेच्यापरास म्हस घेतलं असतस तर शेण तरी गावला असता.

दीपिका : आई, म्हैस मला अंगणवाडीत सोडेल का? डोंगरापलीकडे एसटी दिवसातून एकदा जाते, ती पण तिच्या मनात आलं तर.

काशीबाई : मगे स्कूटर घेवची. बायलांची आसता तशी.

दीपिका : आपल्या घाटीच्या चढावर स्कूटर टिकत नाही. अर्ध्यावर श्वास सोडते.

हसन : तुझो घोव प्रीतम काय म्हणालो गो फोनार?

दीपिका : म्हणाले, गियर तुला जमणार नाही. मी कॅमेऱ्यासमोर लायसन धरलं. तर म्हणाले, रेंज जातेय.

काशीबाई : बापसाची सवय. माझो झील बोटीर चढलो काय तेची रेंज बरोबर आमच्या तोंडार जाता. तू माका ह्यां सांग, हसना, ही धोंड चलतली कधी?

हसन : तां तुमच्या सुनेच्या देवांका विचारा, वयनी. सोमवार शंकराचो, मंगळवार भगवतीचो, गुरुवार दत्ताचो, शनिवार मारुतीचो. त्या दिवसांनी ही माशाक शिवणा नाय. आणि ह्या गाडयेत माशाचां तेल मुरलां, म्हणजे गाडयेकय शिवणा नाय. ऱ्हवले बुधवार, शुक्रवार आणि आयतवार. शुक्रवार माझ्या अल्लान घेतल्यान.

काशीबाई : आयतवार माझो. आयतवारी तिणां माका बांगडे तळूक होये.

हसन : झालां तर. आख्ख्या जिल्ह्यात बुधवारी तेवडीच दुरुस्त होणारी ही एकच गाडी.

दीपिका : बाकीच्या दिवशी तुम्ही करा ना, चाचा. मी दारातून बघते.

हसन : करतंय तर काय. पण तूच म्हटलस, एकेक नट मी स्वतः खोलतलंय. गेल्या बुधवारी चेन हातात घेवन बसलस ती दुपारपर्यंत. मारुतीच्या शेपटेक पण कोणी इतक्या मायेन पुसूचा नाय.

काशीबाई : आणि घराक येवन तीनदा न्हाली. आख्खो साबण संपलो. त्या अरशदच्या बायलेन, नसीमान, ही तुझ्या गळ्यात बांधल्यान तरी कशी?

दीपिका : बांधली नाही, मीच मागितली. चाची म्हणाल्या, ने. पण चालू झाली की पहिली फेरी माझी, धामापूरच्या तळ्यापर्यंत. आणि चालवायची तूच. मी हात जोडून हो म्हटलं.

काशीबाई : हात कित्याक जोडलस? ती काय भगवती?

दीपिका : शब्द देताना जोडले जातात.

हसन : नसीमाभाभीचा खरां आसा, वयनी. पंचवीस वर्षां अरशद हेच्यावरसून धामापुरापर्यंत मासळी घेवन जाय. ती म्हणता, त्या सीटीर पापलेट बसला, सरंगो बसलो, एकदा जिती कोंबडी बसली. मीच काय ती बसूक नाय.

काशीबाई : तेका विचारलं असतस तर तेणां सांगल्यान असता, पापलेट वाटेत तोंड चलवणा नाय.

दीपिका : आई, हसू नका. वेळ कमी आहे. पुढच्या मंगळवारी पहाटे त्यांचा अरीब त्यांना मुंब्र्याला नेतोय.

काशीबाई : जावंदे मां. झीलाकडे चार दिवस ऱ्हवान येतली.

दीपिका : चार दिवस नाही. कायमच्या. घराला कुलूप लावणार.

काशीबाई : कोणी सांगितल्यान तुका?

दीपिका : काल संध्याकाळी तुम्ही दोघी कोंबड्यांवरून भांडलात ना, त्यानंतर. मी वाटी परत द्यायला गेले तेव्हा.

काशीबाई : माका भांडताना बोलली नाय ती.

हसन : भांडताना तुम्ही दोघी एकामेकीक बोलूक देतास खंय?

काशीबाई : तू गाडी बघ, मेल्या.

हसन : बघतंय. दीपिका, हयसर ये. इंजिन जाम होतां म्हणान प्लगच्या भोकातसून डिझेल घालून आठ दिवस ठेवलंय. आता किकेर पाय ठेव. लाथ मारू नको, उभी ऱ्हव फक्त. तुझ्या वजनान काय होता बघू.

दीपिका : होत नाही काही.

हसन : ऱ्हव. घाई करू नको. देवळात ऱ्हवतस तशी ऱ्हव.

दीपिका : चाचा, हललं.

हसन : किती?

दीपिका : बोटभर.

हसन : बोटभर हललां म्हणजे जीव आसा. आता पिस्टनची रिंग तेवडी बदलूक होयी. बांद्याक एका जुन्या दुकानात आसा, मी फोन केलंय. शनिवारी येतली. आयतवारी बसवतंय, आयतवारीच तुमची फेरी.

दीपिका : आयतवारी बांगडे...

काशीबाई : बांगडे मी तळतंय आयतवारी. माका हात नाय काय?

(पुढचा सोमवार. सकाळचे दहा. हसनच्या गॅरेजात गाडी सुरू आहे. दीपिका उंबऱ्याबाहेर उभी आहे.)

हसन : ऐकलस? रिंग शनिवारी येवची ती काल सांजेक इली. आज फजरची नमाज पढान बसलंय तो आता उठलंय. आवाज बघ, जसो काय अरशदच खाकरता.

दीपिका : छान वाजतेय.

हसन : मगे भायर कित्याक उभी? भितूर ये.

दीपिका : आज सोमवार, चाचा.

हसन : माका ठावक आसा सोमवार. आणि उद्या फाटेक अरीबची गाडी दारात उभी ऱ्हवतली. मधी एकच दिस, तो ह्यो. ऐक, चार वेळा धुतलंय मी तिका. डिझेलान, सोड्यान, राखेन, आणि शेवटाक माझ्या बायलेच्या शाम्पून. थंड आसा तवसर गुलाबाची बाग.

दीपिका : आणि तापली की?

हसन : तापली काय... वायच वास येता.

काशीबाई : वायच? मुशी तळल्याचो वास येता. वळणारच माका कळला. सकाळची न्याहारी करून भायर पडलंय, तरी परत भूक लागली.

हसन : येवा वयनी. तुमचीच कमी होती.

काशीबाई : नसीमाकडसून येतंय मी.

दीपिका : तुम्ही? त्यांच्या घरी?

काशीबाई : घरात नाय. कुंपणापर्यंत. आधी माझी कोंबडी मुद्दाम तिच्या अंगणात सोडलंय. तिणां काय केल्यान म्हायत आसा? तांदूळ घातल्यान कोंबडयेक. एक शबुद भांडाक नाय. चाळीस वर्षांत पयल्यांदा.

दीपिका : ट्रंका भरतायत का?

काशीबाई : भरून झाल्यो. नवी साडी नेसान ओट्यार बसली आसा. डोक्यार पदर, पायात बूट. साडयेर बूट. मी विचारलंय, खंय चललस? तर म्हणता, खंय नाय गो, अशीच बसलंय. आता तिका काय सांगूचा तां तू सांग. मी सांगणा नाय.

हसन : मी चलवू काय?

काशीबाई : तुझ्या मागे ती बसाची नाय. तिच्या निकाहात तू बिर्याणीचो टोप पालथो घातलंस तां ती अजून सांगता.

हसन : तेवा मी आठ वर्षांचो होतंय. बरां, दीपिका, माझा ऐक. हातांक प्लास्टिकच्या पिशव्या बांध. सीटीर केळीचां पान घाल. मगे तू गाडयेक शिवलस खंय? पानाक शिवलस.

काशीबाई : पान कित्याक होया? अगो, शंकर स्वतः मसणात ऱ्हवता. अंगाक राख चोपडता, गळ्यात सरप घालता. तेका मुशीच्या वासाचा काय पडलां? आणि पडला असला तर अदलाबदल कर. ह्यो सोमवार माफ कर म्हणान सांग आणि परवाच्या बुधवारी उपास धर. कापडवालो सुद्धा बदलून देता.

दीपिका : आई, हा सोमवार मी कशासाठी धरला ते तुम्हाला माहीत आहे.

हसन : कशासाठी?

काशीबाई : तू गप ऱ्हव.

दीपिका : सांगते ना. लग्नाच्या पहिल्या वर्षी ह्यांची बोट वादळात सापडली. नऊ दिवस खबर नव्हती. दहाव्या दिवशी फोन आला, तो सोमवार होता. तेव्हापासून चौदा वर्षं एकही मोडला नाही. तापात नाही, बाळंतपणात नाही.

काशीबाई : प्रीतम आज खंय आसा?

दीपिका : पहाटे मेसेज आला. बंदर सोडलं. आता अकरा दिवस पाणीच.

काशीबाई : मगे ऱ्हवांदे.

हसन : वयनी, आताच तर तुम्ही म्हणालास, शंकराक काय पडलां...

काशीबाई : म्हणालंय. बोलूक काय जाता? माझो झील पाण्यात आसा. ऱ्हवांदे गो. नसीमाक मी समजावतंय. इतकी वर्षां बसूक नाय, आणखी एक दिस नाय बसली म्हणान काय मरणा नाय. मी जातंय तिच्याकडे. सांगतंय, गाडी सुरू झाली नाय.

दीपिका : गाडी सुरू आहे, आई. ओट्यावर ऐकू जात असेल.

काशीबाई : मगे सांगतंय, सुनेक बरां नाय.

दीपिका : मी सकाळी सांगून आलेय.

काशीबाई : कोणाक? नसीमाक?

दीपिका : महादेवाला. आंघोळ केली, दिवा लावला आणि सांगितलं, आज मी मोडणार आहे. पळवाट काढून नाही, बदल्यात दुसरा वार देऊन नाही. मोडायचा तर सरळ मोडते. चौदा वर्षं मी तुझी वेळ चुकवली नाही, पण आजचा दिवस चाचीला दिलेला आहे आणि तिच्याकडे दुसरा नाही. रागवायचं असेल तर माझ्यावर रागव. बोटीवर रागवू नकोस.

हसन : काय म्हणालो?

दीपिका : काही नाही. वात सरळ जळत होती. ती रोजच सरळ जळते.

काशीबाई : आणि असां सांगान इलस, तर मगे हयसर भायर कित्याक उभी ऱ्हवलस इतको वेळ?

दीपिका : सांगणं सोपं होतं, आई. पाय उचलत नव्हता.

काशीबाई : आता?

दीपिका : आता उचलेल. तुमचं तुमच्या परीने अडवून झालं. चाचा, हेल्मेट द्या. दोन द्या.

हसन : ही घे. लाल तिका दी, आतसून मऊ आसा. आणि वळणार मागचो ब्रेक दाब, पुढचो नको. घाटयेर दुसरो गियर. तळ्याकडे उतारार इंजिन बंद करू नको.

दीपिका : हो.

काशीबाई : नसीमाचो उजवो गुडघो वाकणा नाय. तिका डाव्या बाजून चढव. घट्ट धरूक सांग.

दीपिका : तुम्ही सांगितलंत म्हणून सांगू?

काशीबाई : माझा नाव घेव नको. ह्यां घे, भाजलेले चणे. तळ्यार बसान खावचे म्हणान तिच्या कधीपासून मनात आसा, माका सांगल्यान होतां. दोघी खावा.

दीपिका : माझा उपास आहे ना, आई.

काशीबाई : उपास धरलस?

दीपिका : धरलाय. शिवणार तेवढं आहे, खाणार नाही.

हसन : दीपिका, एक ऱ्हवला. हॉर्न लागणा नाय अजून. वायर बदलूक वेळ गावाक नाय. तिच्या दारात जावन काय करतलस?

दीपिका : हाक मारीन.

काशीबाई : मोठ्यान मार. तुझो आवाज आपल्या घराभायर सुद्धा जाणा नाय.

दीपिका : पोचेल, आई. त्या ओट्यावरच बसल्यात ना.