दारावरचा लिंब आणि आमच्या मार्थाबाई

मंडळी,

शाळेचं हे पटांगण एवढं भरलेलं मी फक्त झेंडावंदनाला बघितलंय. आज ते मार्थाबाईंसाठी भरलं. बेलापूरहून त्यांच्या चर्चची माणसं आलीत, आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवरची आलीत. सरपंच म्हणाले, गयामावशी, तुमचं नि बाईंचं जुनं, तुम्ही बोला. बोलणं सोपं नाही. मनात दुःख थोडं, बाकी जळफळाट. खोटं कशाला बोलू? इथं पाय ठेवला, गर्दी बघितली आणि पहिलं मनात आलं ते हेच, की माझ्या माघारी एवढी माणसं येतील का?

हसा. बाई असत्या तर त्याही हसल्या असत्या.

मी या गावची सुईण. चाळिशीच्या पुढचे जे इथं बसलेत, त्यांतल्या बहुतेकांची नाळ माझ्या हातानं कापलेली. घरात गोवर निघाला तरी बोलावणं मलाच. गोवर म्हणजे देवी आली. मग दारावर कडुलिंबाचा डहाळा बांधायचा, परक्यानं उंबरा ओलांडायचा नाही, चुलीवर फोडणी द्यायची नाही. मी जायची, अंगारा लावायची, लिंबाच्या पाल्यानं वारा घालायची. पोर उठलं की माझा मान. नाही उठलं तर देवीची मर्जी. माझं दोन्हीकडून बरं होतं.

मग मार्थाबाई आल्या, सरकारी नर्स म्हणून. पांढरी साडी, रबरी चप्पल आणि खांद्याला निळा डबा. आत बर्फ, बर्फात लस. झाडाखाली बसायच्या तर डबा सावलीत आणि स्वतः उन्हात. मी टोमणा मारला, डब्यात सोनं हाय का? म्हणाल्या, 'मावशी, सोन्याला उन्हानं काही होत नाही. हे नासतं.'

बायका त्यांच्याभोवती जमायला लागल्या. पोर मी जगात आणायचं आणि आईनं ते कडेवर घेऊन जायचं त्यांच्याकडे. बाई पोराच्या लशींचं एक कार्ड करून द्यायच्या. बायका ते पत्र्याच्या पेटीत, लग्नाच्या शालूखाली ठेवायच्या. नाळ कुठं पुरली ते कुणाच्या ध्यानात नाही, कागद मात्र शालूखाली. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. एवढं काय लिहितात त्यात, ते कळावं म्हणून मी सुनेच्या पेटीतल्या कार्डावरून चोरून अक्षरं लावायला शिकले. आयुष्यात वाचलेला माझा पहिला शब्द 'गोवर'. आज हे कागदावरून वाचतेय तेही त्या जळण्याच्या पुण्याईनं.

आता जे सांगायचंय ते मी आजवर कुणाला सांगितलं नाही. बाईंना ठाऊक होतं. त्यांनीही सांगितलं नाही.

एका उन्हाळ्यात बाई गोवराची लस घेऊन घरोघर येणार होत्या. आदल्या दिवशी मी वस्तीवर फिरले. सांगितलं, दारावर लिंब बांधा, देवी हाय म्हणा. ती बाई लिंब बघून आत यायची न्हाई, तिला रीत ठावं हाय. चार-पाच घरांनी बांधला. मीही बांधला. माझी नात सोनाली तेव्हा रांगत होती.

बाई आल्या. लिंब दिसला की चप्पल काढायच्या, हात जोडायच्या आणि पुढं जायच्या. रविवारी चर्चला जाणारी बाई, पण आमच्या देवीचा मान राखायची. मी दारातून बघत होते आणि आत गार गार वाटत होतं. माझ्या दाराशी आल्या, हात जोडले आणि थांबल्या. नाक वर केलं. आत सुनेनं आमटीला लसणाची फोडणी दिली होती. तिला सांगायचंच मी विसरले होते.

'मावशी,' बाई म्हणाल्या, 'दारावर लिंब आणि चुलीवर फोडणी? ही कोणती देवी?'

म्हटलं, 'नवी हाय.'

'मग भेटू द्या की,' म्हणाल्या आणि आत आल्या. सोनालीला मांडीवर घेतलं, टोचलं. जाताना उंबऱ्यात वळून हळूच विचारलं, 'बाकीच्या दारांवरचा लिंब खरा आहे ना, मावशी?'

मंडळी, तेव्हा मला खरं बोलता आलं असतं. मी म्हणाले, 'तो खरा हाय.'

बाईंचा विश्वास बसला नसावा. त्या परत प्रत्येक दाराशी गेल्या. जिथं फोडणीचा वास आला, तिथं आत शिरल्या. एका घरातून वास आला नाही. ते कौसाबाईचं घर. कौसानं माझा शब्द मनापासून पाळला होता. देवीचं नाव घेऊन खोटं कसं वागायचं, म्हणून घरादारानं दुधात भाकर कुस्करून खाल्ली. बाई हात जोडून परत फिरल्या. मी लबाड, माझी नात वाचली. ती सरळ, तिच्या पोराला महिनाभरात खरा गोवर निघाला. ताप उतरला, कान वाहायला लागले आणि डावा कान गेला.

भाऊसाहेब, तू तिसऱ्या रांगेत बसलायस, उजवा कान माझ्याकडं करून. तुझी आई मरेपर्यंत म्हणत राहिली, आमच्याकडून काही चुकलं, देवी कोपली. देवी कोपली नव्हती रे. मी जळत होते.

बाई तुला घेऊन एसटीनं नगरच्या दवाखान्यात हेलपाटे घालत होत्या. एकदा परतताना माझ्या ओट्यावर टेकल्या, पाणी मागितलं. वाटलं, आता बोलतील. एवढंच म्हणाल्या, 'लोक तुमचं ऐकतात, मावशी. उद्यापासून माझ्या आधी तुम्ही दारात जा.'

मी गेले. त्यानंतर कायम मी पुढं, निळा डबा मागं. तरी जळणं काही थांबलं नाही. होता होता गोवराचं बोलावणं बंदच झालं. आजच्या सुनांना विचारा, दारात लिंब कशाला? म्हणतील, पाडव्याला. माझी विद्या बुडाली ती अशी. पोरं मात्र जगली.

माझ्या लहानपणी देवीच्या रोगाची लस टोचणारा गावात आला, तेव्हा आजीनं मला धान्याच्या कणगीत लपवलं होतं. दंड कोराच राहिला. करोनात मी पुन्हा घरात दडले. बाई निवृत्त झालेल्या, गुडघे गेलेले, तरी आल्या. 'लिंब दिसत नाही, येऊ का आत?' हाताला धरून मला याच शाळेत आणलं. सुई दुसऱ्या पोरीनं टोचली, हात बाईंनी धरला होता. घरी जाऊन आरशात बघितलं. त्या लशीचा वणसुद्धा राहत नाही.

तुमच्या डाव्या दंडावर मात्र तो बारका गोल वण आहे, जन्मल्यावरच्या लशीचा. बेंबी माझी, ती तुम्ही झाकून ठेवता. दंड बाईंचा, तो चारचौघांत मिरवता. गेल्या तरी जिंकूनच गेल्या.

उठा मंडळी. दोन मिनिटं गप्प राहू. हात जोडू नका, ज्याच्या त्याच्या वणावर ठेवा. मी खाली येते. भाऊसाहेब, तुझ्या दंडावरही बाईंचा वण आहे, तेवढा मला अडवता आला नव्हता. त्यावर मला हात ठेवू देशील का? नाही म्हणालास तरी चालेल. मी तुझ्या उजव्या अंगाला उभी राहते.