मास्तरांनी एकक लिहिलं नाही

वहिनी : ...आणि गिअर बदलणारा हा डिरेलर कोणी बसवला म्हणालात?

भाऊजी : मी. व्हिडिओ बघून.

वहिनी : तरीच! भावजयीचं सायकलचं दुकान दोन गल्ल्या सोडून, आणि दीर गच्चीत बसून व्हिडिओ बघतोय. काखेत कळसा नि गावाला वळसा!

भाऊजी : टोमणे नंतर मारा, वहिनी. आधी साखळी बघा. पहिल्या क्लिकला अर्धी चढते, दुसऱ्याला कुरकुरते, तिसऱ्याला दोन चकत्यांच्या मध्येच लोंबकळते. चार दिवस तार पिळतोय. उद्या सकाळी सहाला निघायचंय.

वहिनी : कुठे?

भाऊजी : असंच. फिरायला.

वहिनी : असंच फिरणाऱ्याला मागच्या चाकावर परातीएवढी चकती लागते होय? बरं, घ्या स्टँडवर. पॅडल फिरवा... थांबा, थांबा. अहो, हा डिरेलर डोंगरी सायकलचा आहे!

भाऊजी : मुद्दामच घेतला. मोठ्या चकतीवर साखळी ढकलायची तर याचा हात लांब लागतो, एवढं कळतं मला. हँडलवरचा शिफ्टर माझा जुनाच, रस्त्याच्या सायकलचा. पण कंपनी एकच. शिफ्टरवर दहा लिहिलंय, याच्यावरही दहा. दहा म्हणजे दहा.

वहिनी : दहा काय?

भाऊजी : म्हणजे?

वहिनी : तीस वर्षं शाळेत गणित शिकवलंत ना? पोरांनी उत्तरापुढे एकक लिहिलं नाही, तर किती मार्क कापायचात?

भाऊजी : एक. कधीकधी दोन.

वहिनी : मग ही पट्टी धरा. तार सोडवलीय. आता शिफ्टरचा एक क्लिक करा. किती सरकली?

भाऊजी : दोन मिलिमीटर... आणि जरासं वर.

वहिनी : आणि या तुमच्या नव्या पाहुण्याला एक गिअर बदलायला लागते साडेतीनच्या आसपास. शिफ्टर चिमूटभर वाढतो, याला हवी मूठभर. पोट भरणार कसं?

भाऊजी : अरेच्चा. म्हणजे दरवेळी कमीच पडणार.

वहिनी : तुम्ही क्लिक मोजलेत, तार मोजली नाहीत. कापा मार्क.

भाऊजी : कापले. मग डोंगरी शिफ्टर द्या.

वहिनी : तो सरळ दांड्यासाठी असतो. तुमच्या वाकड्या हँडलवर बसायचा नाही. त्यापेक्षा तुमचं जुनं सगळं परत चढवते, जुन्या छोट्या चकतीसकट. अर्ध्या तासात मोकळे.

भाऊजी : नाही. चकती हीच राहिली पाहिजे.

वहिनी : एवढा हट्ट? वयाच्या एकसष्टाव्या वर्षी कुठल्या शर्यतीत नाव घातलंय? धाकटीला ठाऊक आहे का?

भाऊजी : नाही. आणि तुम्हीही सांगायचं नाही. तुम्हा दोघी जावांचं गूळपीठ, म्हणून तर इथे येत नव्हतो.

वहिनी : आता तर आधी कारण सांगा, मगच पान्याला हात लावते.

भाऊजी : टेकडीवर जायचंय. तिला घेऊन.

वहिनी : तिला? ती तर म्हणते, चढ नको, गुडघे दुखतात.

भाऊजी : गुडघे! माझ्या छातीला टाके पडायच्या आधी दर रविवारी ती माझ्यापुढे वर पोचायची. ऑपरेशननंतर एकदम हिचे गुडघे दुखायला लागले. दोन वर्षं कालव्याच्या सपाट रस्त्यावर माझ्या मागे मागे चालवतेय.

वहिनी : मागे का? ती तर जोरात चालवते.

भाऊजी : मी पडलो तर दिसावं म्हणून. आणि दर रविवारी टेकडीच्या फाट्यावर थांबते. बुटाची नाडी सुटली म्हणते, खाली वाकते आणि चढाच्या रस्त्याकडे बघते.

वहिनी : मग सुटली असेल नाडी.

भाऊजी : तिच्या बुटांना नाडीच नाही, वहिनी. चिकटपट्टी आहे.

वहिनी : ...डॉक्टर काय म्हणतात?

भाऊजी : खुशाल चढा म्हणाले. फक्त चढताना तोंडाने बोलता आलं पाहिजे. बोलणं थांबलं की उतरायचं, चालायचं. म्हणून मोठ्या चकतीचा हलका गिअर हवा.

वहिनी : तुमचं बोलणं थांबवणारी टेकडी अजून जन्माला यायचीय! सरका. ते वरचं खोकं काढा. ते नव्हे, गंजकं.

भाऊजी : यात तर सगळं भंगार दिसतंय.

वहिनी : भंगार म्हणू नका, तुमच्या उपयोगाला येतंय. हा बघा, हासुद्धा डोंगरीच, पण नऊ गिअरच्या जमान्यातला. तेव्हा डोंगर काय नि रस्ता काय, तार सारखीच ओढायचे. तुमच्या शिफ्टरशी याचं बरोब्बर जमतं.

भाऊजी : पण याच्यावर नऊ लिहिलंय!

वहिनी : आलं का पुन्हा एककाशिवायचं उत्तर? याला आकडे कळत नाहीत, मास्तर. तार जेवढी ओढाल तेवढा हा सरकतो. आणि साखळीही बदलते. तुमची आखूड आहे, मोठ्या चकतीवर ताणली असती तर याचा हातच मोडून घेतला असतात.

भाऊजी : एवढं तर व्हिडिओत नव्हतं.

वहिनी : व्हिडिओवाल्याला कुठे तुमची वहिनी व्हायचंय? धरा हे टोक.

(तासाभराने. सायकल स्टँडवरच आहे.)

वहिनी : दाबा.

भाऊजी : एक... दोन... तीन. आवाजच नाही हो! चार... पाच...

वहिनी : हळू. पोरासारखं करू नका.

भाऊजी : ...नऊ... बसली! मोठ्या चकतीवर बसली, वहिनी!

वहिनी : बसणारच. आता ऐका. शेवटच्या वळणाआधीच हा गिअर टाका, जोर लावून टाकू नका. दम लागला तर गुपचूप उतरा, मर्दुमकी नको. धाकटी मला जाब विचारेल.

भाऊजी : कबूल.

वहिनी : आणि फाट्यावर तिला काय सांगणार?

भाऊजी : काही नाही. नुसता वळणार. येईल मागोमाग.

वहिनी : आणि वर पोचल्यावर? एवढा खटाटोप केलात, काहीतरी बोलाल की नाही?

भाऊजी : नाही बोलणार. दोन वर्षं ती माझ्या पाठीकडेच बघत सायकल चालवतेय. घटकाभर दुसरं काहीतरी बघू दे तिला.