फोर्तुनातोची गोफण

—नाही गं, सुकायला नाही घातलेली ती घोंगडी. मुद्दाम टांगलीय. बस की जरा हुस्तिना, तुझ्या नवऱ्याची गोफण होतच आली, शेवटची वेणी तेवढी राहिलीय. चघळायला कोकाची पानं घे, त्या पिशवीत आहेत बघ. घोंगडी कशाला म्हणजे? सरावाला! कसल्या सरावाला म्हणजे? गोफणीच्या! हसतेस? हस. अगं, अल्पाकांचा कळप वळताना बाईनं गोफण फिरवली तर कुणी वळूनसुद्धा बघत नाही. पण तीच बाई माणसाच्या डोक्याएवढ्या निशाणावर नेम धरायला लागली, की अख्खं गाव विचारतं—कुणासाठी गं, निकासिया? म्हणून घरात.

एवढ्याशा खोलीत कसं जमतं? जमतं. दगड घ्यायचाच नाही मुळी. हा लोकरीचा गोळा घ्यायचा—लागला तरी चुलीपाशी फिरणारं गिनीपिगसुद्धा मरायचं नाही. घोंगडी ताणून नाही बांधायची, सैल सोडायची, म्हणजे गोळा तिथल्या तिथं गपकन खाली पडतो, उलटून तोंडावर येत नाही. दोऱ्या आखूड ठेवायच्या. गुडघ्यावर बसायचं, नाहीतर छपराचं गवत अंगावर आलंच म्हणून समज. आणि डोक्यावरून गरागरा फिरवायची नाही—ते पुरुषांचं, लोकांना दाखवायला. बाजूनं एकच हिसका, की चिमटीतलं टोक सोडायचं. मडकी आधी बाहेर नेऊन ठेवायची. टोक उशिरा सुटलं तर गोळा कुठं जाईल नेम नाही. पहिल्या पहिल्यांदा मी दोमिंगाचं मडकं फळीवरून पाडलं. केवढी रडले मग!

दोमिंगा कोण? म्हणजे—सांगितलं नाही फोर्तुनातोनं तुला? माझी बहीण. तुझ्या आधी तीच बसायची तुझ्या चुलीशी. पाय घसरून कड्यावरून पडली, असं म्हणतात ना सगळे? अगं, त्या वाटेवर ती डोळे मिटून चालायची! शेवटची अंघोळ मी घातली तिला, या हातांनी. कड्यावरून पडलेल्या बाईच्या गळ्यावर बोटं उमटतात होय? गावप्रमुखाकडे गेले. तो म्हणाला, "निकासिया, दुःखानं डोकं फिरलंय तुझं. आणि फोर्तुनातोसारखा गोफणवाला आपल्याकडे दुसरा नाही." झालं! दरसाल रिवाजाप्रमाणे टेकडीवर दगडांची लढाई होते, तीत पलीकडच्या गावाची डोकी फोडतो ना तो—मग त्याला कोण विचारणार?

तेव्हाच ठरवलं मी, लढाईतच गाठायचा. तिथं दगड कुणाच्या गोफणीतून सुटला, हे कुणी बघत नाही. बायका मागे उभ्या राहून गातात, दगड पुरवतात, त्यांच्याकडे कुणाचं लक्ष असतं? सबंध पावसाळा या जमिनीवर गुडघे सोलून घेतले. आणि गेल्या लढाईत त्याची पाठ अगदी माझ्या पुढ्यात आली. हात उचलला—आणि नेमका मध्ये दुसराच कुणीतरी आला, कुणाचा तरी म्हातारा बाप. खाली घेतला हात. भलत्याच घरात रडारड झाली असती. म्हणून यंदा नुसत्या नेमावर भरवसा ठेवला नाही, यंदा दोरीतच—

काही नाही. दोरी चांगली वळली गेलीय, असं म्हणत होते. काय बघतेस? तो काळा धागा? तो असाच असतो. आण इकडे. हुस्तिना, ओढू नकोस—अगं तुटेल ना!

...

हं. कळलं तर तुला. आत जळका धागा आहे, वरून लामाची लोकर. थोडे दगड फेकून होतील, मग ऐन गर्दीत तुटेल, आणि तो रिकाम्या हातानं पलीकडच्यांपुढे उभा राहील. त्यांची घरंही काही कमी रडवलेली नाहीत त्यानं. जा, सांग जा त्याला. बायको आहेस तू त्याची. मी काही पळून जात नाही.

काय करतेस? केसांची वेणी का सोडतेस? कान? या कानानं ऐकू येत नाही तुला? अगं, मग मघापासून मान वळवून वळवून ऐकत होतीस ती—कशानं? जळत्या लाकडानं? त्यानं? अगं बाई... कधीपासून? राहू दे, नको सांगूस. ये, मी घालते वेणी. हलू नकोस.

नेतेस ही गोफण? मग थांब, काळा धागा झाकून शेवटची वेणी घालते. झाली. अशी नको नेऊस, वाटेतच ताण बसायचा. सैल गुंडाळून देते. घे. त्याला म्हणावं, निकासियानं जीव ओतून वळलीय. आणि लढाईच्या दिवशी त्याच्यामागे नाही, माझ्याजवळ उभी राहा. मोठ्यानं गा.

जा आता, पळ. उशीर झाला म्हणून आज तरी मार नको खाऊस.