हत्तीची टाकी

गुरांचा रोग पसरू नये म्हणून कच्चं मांस दक्षिणेला जाऊ न देणाऱ्या फाटकापाशी गाड्यांची झडती चालली होती. माझ्यापुढे एक बाई, तिची मुलगी आणि म्हातारे वडील उभे होते.

"ताते," बाई वडिलांना म्हणाली, "माझ्याकडे राहायला एवढं बिऱ्हाड घेतलंत, तरी मन तिकडे घरीच ना?"

"संत्री कुणी आणली गाडीत?"

"मीच. तुम्हाला आवडतात म्हणून."

"हत्तीलाही आवडतात. सकाळी त्याने गाडीच्या काचेला सोंड लावली, तेव्हा तुला देव आठवला ना?"

"आणि तुम्ही खुशाल त्याच्याशी गप्पा मारत होतात!"

"ओळखीचा आहे. रोज पाण्याला येतो. त्याची टाकी भरलेली असली, की माझी फोडत नाही."

"आता ती कोण भरणार?"

"पंप चालवून काठोकाठ भरून आलोय. आठवडा निघेल."

"आणि मग?"

"मग काय? मी विंडहुकला तुझ्या नळाचं पाणी पिईन."

"...वेहोंगा, शाळेला अजून किती सुट्टी आहे गं?"

"बारा दिवस, आई."

"बाई, गाडीत मांस आहे?" रखवालदाराने विचारलं.

"नाही. पण फाटक उघडू नका, आम्ही परत वळतोय."

"काही विसरलात?"

"हो. तिथला पंप चालवायला शिकायचं राहिलंय."