हनुवटीखालचा पट्टा

धाकटी: ते पिशवीतच राहू दे, ताई. मी घालणार नाहीये.

ताई: बरं. मग मीही दोर धरणार नाही.

धाकटी: हे आता सांगतेस? चढायच्या भिंतीखाली उभं राहून, कमरेला हार्नेसचे पट्टे आवळून झाल्यावर? घरून निघताना तोंडाला कुलूप लावलं होतंस का?

ताई: घरून निघताना तू गुणगुणत होतीस. वर्षभरानंतर. मला मध्ये तोडवेना.

धाकटी: अगं, हा सगळा हॉल बघ. पोरं, बायका, ते टकले काका. एकाच्या तरी डोक्यावर हेल्मेट आहे? मी एकटीच घालून उभी राहिले, तर लोक म्हणतील, स्कूटर बाहेर लावली आणि हे काढायला विसरली.

ताई: म्हणू देत.

धाकटी: आणि माझ्या मापाचं आणलंस कसं?

ताई: मोजलं. तू झोपली होतीस तेव्हा. टेप उशीवरून सरकवली.

धाकटी: झोपलेल्या माणसाचं डोकं मोजलंस? गिऱ्हाइकांच्या कंबरा मोजून मोजून तुला आता कुणाला विचारायची गरजच वाटत नाही.

ताई: टाके घातले होते ना मागे, तिथे अलगद धरली. तू कूस बदललीस, म्हणून पुन्हा मोजावं लागलं.

धाकटी: तू ऐकायची नाहीस. मी जाते, सरांनाच विचारते.

ताई: जाते म्हणू नकोस.

धाकटी: झालं. आई बोलली.

सर: काय चाललंय इथे? चढायचंय की भांडायचंय? भांडायला बाहेर बाकडं आहे.

धाकटी: सर, तुम्हीच सांगा. इथे हेल्मेटची सक्ती आहे का?

सर: नाही.

धाकटी: ऐकलंस, ताई?

सर: पुरतं ऐका. डोंगरावर वरून दगड येतात. वर चढणाऱ्याच्या पायानेच सुटतात कधी कधी. तिथे डोक्यावर हेल्मेट नसेल, तर मी दोराला हात लावू देत नाही. इथे वर दिवे आहेत आणि भिंतीच्या पकडी स्क्रूने आवळलेल्या आहेत. वरून येणार काय? त्या पलीकडच्या बुटक्या भिंतीवर तर मी हेल्मेट काढायला लावतो. तिथे गादीवर वेडंवाकडं पडतात, ते उलट अडकतं.

ताई: आणि या उंच भिंतीवर?

सर: इथे ज्याची त्याची मर्जी.

ताई: मर्जी नाही विचारली, सर. तुम्हाला काय वाटतं ते विचारलं.

सर: मला? असं बघा, मी बरीच वर्षं इथे आहे. लोक सुटतात, दोरावर झोका घेतात, हसत खाली येतात. त्यात विशेष काही नाही. पण दोर पायाच्या मागून गेलेला असला आणि सुटलात, तर तो पायाला अडतो आणि माणूस उलटा होतो. पाय वर, डोकं खाली, समोर भिंत. असं मी एकदाच पाहिलं.

धाकटी: माझं.

सर: तुमचं. तेव्हापासून नवीन कुणी आलं, की गाठ शिकवायच्या आधी मी पाय कुठे ठेवायचा ते शिकवतो.

धाकटी: म्हणजे चूक पायाची होती. ती आता होणार नाही. पायाच्या चुकीची शिक्षा डोक्याला कशाला?

ताई: त्या दिवशी डोक्यालाच झाली.

धाकटी: डॉक्टरांनी परवानगी दिलीय, सर.

ताई: डॉक्टर म्हणाले, चढू दे, पण पुन्हा डोकं आपटू देऊ नका. ही अर्धं वाक्य ऐकून उठली. पुढचं ऐकायला खोलीत मी एकटीच उरले होते.

सर: तुमची हरकत नसेल तर आज दोर मी धरतो. त्या हेल्मेट घालोत, न घालोत.

ताई: धरा. मी बाहेर बाकड्यावर बसते.

धाकटी: बसते काय? माझा दोर तूच धरतेस. पहिल्या दिवसापासून तूच धरतेस.

ताई: म्हणून तर म्हणतेय.

सर: तुम्ही ठरवा दोघी. मी ती पोरं उतरवून येतो. आणि हाक दिल्याशिवाय पाय भिंतीला लावायचा नाही, एवढं लक्षात असू द्या. चढणाऱ्याने म्हणायचं, चढतो. खालच्याने म्हणायचं, चढ. मग निघायचं.

(सर पलीकडच्या भिंतीकडे जातात.)

धाकटी: ताई, मला खरंच भीती वाटत नाही गं.

ताई: कशी वाटेल? तुला काही आठवतच नाही.

धाकटी: सकाळी एक बूट सापडत नव्हता, तिथपर्यंत आठवतं. मग एकदम दवाखान्याची खिडकी, आणि तू केस न विंचरता बसलेली. मधलं सगळं कोरं. पण सगळे म्हणतात, मी शुद्धीवर होते. बडबडत होते.

ताई: होतीस.

धाकटी: काय बडबडत होते? विचारलं, की दरवेळी म्हणतेस, काही नाही, नेहमीसारखंच.

ताई: हात पूस. घाम आलाय.

धाकटी: ताई, विषय बदलू नकोस.

ताई: तुला अँब्युलन्समध्ये ठेवलं. तू माझं मनगट धरलंस आणि म्हणालीस, ताई, आईला सांगू नकोस हं. ओरडेल.

धाकटी: आईला?

ताई: आईला जाऊन तेव्हा दोनच महिने झाले होते. तुझ्या डोक्यातून नेमके तेच पुसले गेले होते. मला वाटलं, गंमत करतेस. तुझा काय भरवसा, तू कधीही गंमत करतेस. मग तुझे डोळे बघितले.

धाकटी: मग काय म्हणालीस?

ताई: खरं ते सांगितलं. आई नाही गं आता. आणि तुला ते तेव्हाच कळलं. अगदी पहिल्यांदा कळावं तसं. आई गेली तेव्हा मी तुला रडताना पाहिलं नव्हतं. सगळ्यांना चहा देत फिरत होतीस. त्या गाडीत रडलीस. मान हलू नये म्हणून बांधून ठेवलेलं, तुला जवळसुद्धा घेता येईना. मग हळूहळू शांत झालीस. मला वाटलं, संपलं. तर पुन्हा माझं मनगट धरलंस. ताई, आईला सांगू नकोस हं.

धाकटी: पुन्हा सांगितलंस?

ताई: सांगितलं. पुन्हा तसंच सगळं. दवाखान्याच्या दारात परत. डोक्याचा फोटो काढायला नेलं, त्या खोलीबाहेर परत. आई एकदाच गेली गं. पण त्या दिवशी मी तुला ती किती वेळा गेली म्हणून सांगितलं, ते मला आठवायचं नाहीये.

धाकटी: बाई गं.

ताई: शेवटी तू म्हणालीस, आईला सांगू नकोस, आणि मी म्हटलं, नाही सांगत. तेवढंच. तू हसलीस आणि झोपून गेलीस.

धाकटी: हसले?

ताई: लहानपणी मार चुकला, की हसायचीस ना, तशी.

धाकटी: मला आधी का नाही सांगितलंस हे?

ताई: सकाळी उठलीस तेव्हा तुला सगळं आठवत होतं. आई नाही, हेसुद्धा. मग पुन्हा कशाला? हे बघ, मला तुला घरात कोंडायचं नाहीये. चढ. वरच्या त्या लाल पकडीला हात लावून ये. तू वर असतेस ना, तेव्हा मला खाली उभं राहायला आवडतं. पण पुन्हा कधी तू माझं मनगट धरलंस आणि तेच म्हणालीस, तर सांगायचं बळ माझ्यात उरलेलं नाही.

धाकटी: दे ते.

ताई: रडू नकोस. मी तुला रडवायला नाही सांगितलं.

धाकटी: दे म्हटलं ना. कुणी स्कूटरचं विचारलं, तर किल्ली तुझ्याकडे आहे म्हणून सांगेन.

ताई: हनुवटी वर कर. मागे टोचतंय का?

धाकटी: टाक्यांच्या जागी जरासं. थांब, थोडं पुढे घे. हां, आता नाही.

ताई: पट्ट्यात दोन बोटं जाताहेत. बरोबर आहे.

सर: काय, ठरलं का? मी धरू?

धाकटी: नाही, सर. ताई धरतेय.

सर: गाठ बघितली?

ताई: बघितली. पट्टाही बघितला.

धाकटी: ताई, मग तू आईला सांगितलं नाहीस ना शेवटपर्यंत?

ताई: नाही सांगितलं.

सर: चला, हाक द्या आणि लागा.

धाकटी: येते गं, ताई.

ताई: ये.